बारवेच्या पायरीवरची धुरपदा

फार वर्षांपूर्वी, आपल्या खैरओळीत उन्हाळा आला की अर्धं गाव लंगडत चालायचं, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी जवळ सरकून बसा, कारण ही भिण्याची गोष्ट आहे.

तेव्हा गावाला पाणी एकच होतं, बारवेचं. बारव म्हणजे पायऱ्या उतरून थेट पाण्यापाशी जायचं अशी दगडी विहीर. उन्हं तापली की पाणी तळाला जायचं, आणि बायका त्यात घोटाभर उभ्या राहून घागरी बुडवायच्या. त्याच दिवसांत कुणाच्या तरी पायाला फोड यायचा. निखारा बांधल्यासारखी आग व्हायची. मग फोड फुटायचा आणि आतून पांढरा दोरा डोकं बाहेर काढायचा. दोरा हलायचा. जिवंत असायचा.

पुढं लोक त्याला नारू म्हणू लागले. तेव्हा मात्र त्याचं नाव घ्यायलाही गाव भ्यायचं. "त्याला धागा आलाय" एवढंच कुजबुजायचे आणि दार लोटून घ्यायचे.

असं म्हणतात, बारवेच्या तळाशी एक पांढरा नाग होता. जो पाप करील त्याच्या पायात तो आपलं पिल्लू सोडायचा. कुणी म्हणे, नाग कसला, ती पायातली शीरच आहे, सगळी बाहेर आली की माणूस कायमचा बसला. पण उपाय सगळ्यांना एकच ठाऊक होता. बारवेत उतरायचं, जळता पाय पाण्यात सोडायचा आणि नागाची माफी मागायची. पाण्यात पाय गेला की आग निवायची, म्हणून उपाय खराच वाटायचा. आणि त्या पायांशेजारीच घरोघरच्या घागरी भरायच्या.

त्या गावात धुरपदा नावाची धनगराची विधवा बाई होती. लोकर कातून घोंगड्यांना सूत द्यायची. केसाएवढा धागा तिच्या बोटांतून जायचा, पण तुटायचा नाही. घरात मुलगा बिरू आणि सून ठकू. एका उन्हाळ्यात बिरूच्या घोट्यातून धागा निघाला. देवदेवस्की करणारा गावचा म्हाळू भगत चिमटा घेऊन आला. त्यानं बिरूला आधी बारवेत उभं केलं, मग धागा चिमट्यात धरून हिसका दिला. धागा तुटला. उरलेला आत पळाला.

मग पाय मांडीपर्यंत सुजला, काळा पडला. बिरूच्या किंकाळ्या ऐकून मेंढरं वाड्यातून उधळली, असं म्हणतात. जाताना त्यानं आईचा हात धरला.

"आये, म्या काय पाप केलं गं?"

तो गेला तरी धुरपदा त्याच्या तोंडाकडं बघत बसली होती.

पुढच्या उन्हाळ्यात ठकूच्या पायाला फोड आला. गाव म्हणालं, पाप त्या घरातच आहे. भगत चिमटा घेऊन दारात आला, तेव्हा धुरपदानं आतून कडी लावली. धाग्याचं टोक तिनं बाभळीच्या काडीला अलगद गुंडाळलं. जेवढा आपणहून येईल तेवढाच घ्यायचा, ओढ लागली की थांबायचं, काडी पायाला बांधून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा. असं रोज.

पण ठकूला आग सोसवेना. म्हणून धुरपदानं अंगणात परातीत पाणी ओतलं आणि तिचा पाय त्यात ठेवला. ऊन थेट परातीत पडलं होतं. आणि धुरपदानं पाहिलं. जखमेतून दुधासारखा धूर पाण्यात सुटला. पाण्यात पिसवांएवढे बारीक किडे होते, नीट पाहिलं तरच दिसणारे. ते त्या धुरात शिरले आणि त्यात भरलेलं धाग्याचं बारीक बी खाऊ लागले.

तिनं परातीकडं पाहिलं. मग कोपऱ्यातल्या घागरीकडं पाहिलं. पाणी एकच होतं, बारवेचं.

"ठकू," ती म्हणाली, "आपण हेच पितो गं. समदं गाव हेच पितंय."

परातीतलं पाणी तिनं माळावर नेलं आणि तापल्या खडकावर ओतलं. घागरीतलं पदराच्या दुहेरी घडीतून गाळलं. घडीवर ते किडे वळवळत राहिले. मग ती धावत बारवेवर गेली. तिथं माणसं पाण्यात पाय सोडून बसली होती, आणि बायका घागरी भरत होत्या. ती ओरडली, विनवण्या केल्या. कुणी ऐकलं नाही. पोराच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलं, असंच सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पाण्याला आलं, तर शेवटच्या अरुंद पायरीवर धुरपदा आडवी काठी धरून बसलेली.

"खाली कुणीबी उतरायचं न्हाई. पाणी वरनं दोरानं वढा, फडक्यातनं गाळा, मगच प्या. ज्याचा पाय जळतोय त्यानं भाईर बसून वरनं पाणी घालून घ्यावं."

म्हाळू भगत पुढं झाला. "धुरपदे, ऊठ. नाग कोपला तर गाव राहायचं न्हाई."

"कोपू दे. आधी मला घ्यील. म्या त्याच्या तोंडाशीच बसलीय."

"अगं, पाप्याचं पाय पाण्यात निवले न्हाईत तर पाप फिटंल कसं?"

"पापाचं माझ्याशी बोलू नगंस, भगता. माझा बिरू पापानं गेला न्हाई, तुझ्या चिमट्यानं गेला."

भगत मागं सरला. लोकांनी दगड उचलले, पण मारायला कुणाचा हात उठेना. नागाच्या तोंडाशी बसलेल्या बाईला शिवायचीही भीती वाटत होती. तीच भीती तिची राखण झाली. कुरकुरत का होईना, गाव वरून दोर सोडू लागलं. काही दिवसांनी ठकूचा धागा अख्खा बाहेर आला. ती आपल्या पायांनी चालत सासूची भाकरी घेऊन बारवेवर आली, तेव्हा बायका तिच्या पायाकडं बघतच राहिल्या.

आणि मग जे व्हायचं ते झालं. धुरपदाही वर्षानुवर्षं तेच पाणी प्याली होती. तिच्या दोन्ही पायांना फोड आले.

आता विचार करा. पाय पेटलेत, आणि पाणी हाताच्या अंतरावर आहे. नुसता पाय खाली सोडायचा अवकाश. बारवेच्या काठावर गाव जमलं. आता ही पाय घालणार, असं जो तो म्हणू लागला. धुरपदाच्या कपाळावरून घाम गळत होता.

"ठकू, म्या इथनं उठले तर समदी खाली उतरतील. मला त्या खांबाला बांध."

"आत्याबाई, म्या तुमाला कशी बांधू?"

"बांध पोरी. माझा माझ्या पायांवर भरवसा ऱ्हायला न्हाई."

ठकूनं रडत रडत सासूला पायरीशेजारच्या दगडी खांबाला बांधलं. धुरपदाचा आक्रोश बारवेच्या भिंतींवर आदळून वर यायचा, तेव्हा बायका दोर ओढता ओढता थांबायच्या. पोरांना कुणी त्या वाटेनं नेईना. असं म्हणतात, ऐन वैशाखात बारवेचं पाणी आपणहून वर चढलं. नागानं जीभ काढावी तसं एकेक पायरी चढत ते तिच्या तळव्यांपाशी आलं. आणि बांधलेल्या धुरपदानं गुडघे छातीशी ओढून धरले. पाणी तिथंच थांबलं, थांबून राहिलं, आणि हळूहळू उतरलं.

त्याच दिवसांत म्हाळू भगताच्या पायालाही धागा आला. तो आगीनं वेडा होऊन पायऱ्या उतरू लागला. वरून कुणी त्याला अडवलं नाही. शेवटच्या पायरीपाशी धुरपदा होती. तिचा घसा बसला होता.

"मला जाऊ दे गं," तो रडत म्हणाला. "जळतंय."

"माझंबी जळतंय, भगता. म्या थांबलीय. तूबी थांब."

भगतानं तिच्या पायांकडं पाहिलं. मग तो होता तिथंच, तिच्या वरच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी आपला गुडघा आवळून धरला. त्या दिवसापासून बारवेतून दोन आक्रोश ऐकू येऊ लागले. आणि गावातलं कुणीही पुन्हा खाली उतरलं नाही.

ठकू रोज दोघांचे धागे काडीवर घ्यायची. असं म्हणतात, धुरपदाच्या तळव्यातून प्रत्यक्ष तो पांढरा नागच निघत होता, आणि ठकूनं तो गुंडाळता गुंडाळता अख्खा खांब झाकला. भगताचा धागा पुरा निघाला. धुरपदाचा उजव्या पायाचाही निघाला. डाव्या पायाचा मात्र आत तुटला. पाय सुजला, बिरूचा सुजला होता तसाच. आभाळ भरून आलं त्या दुपारी ती गेली. भगतानं तिला उचलून वर आणलं. तिचे पाय कोरडे होते.

पुढच्या उन्हाळ्यात उठल्या उठल्या गाव आधी आपले घोटे चाचपायचं. फोड आले, पण थोड्यांनाच. ते धागे काडीवर गेले, बारवेपर्यंत एकही पोचला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी चैत्र गेला, वैशाख गेला, आणि एकाही पायाला फोड आला नाही. तेव्हा कुठं माणसांना रडू फुटलं.

बारवेच्या खालच्या पायऱ्या गावानं दगडांनी बुजवल्या, त्या आजही तशाच आहेत. आता घरोघर नळ आहेत, तरी खैरओळीत हंड्यावर फडकं बांधल्याशिवाय पाणी भरत नाहीत. कुणाचा पाय दुखला तर तो आधी मांडीवर घेतात, नीट बघतात, आणि मगच बोलतात.

आणि धुरपदा बसली ती पायरी गावानं उचलून वर आणली आणि बारवेबाहेर, उतारावर मांडली. वैशाखात गावची प्रत्येक बाई त्या दगडावर गाळलेल्या पाण्याची घागर ओतते. पाणी बारवेकडं न जाता माळाकडं वाहून जातं. ओतताना ती वाकून हळूच म्हणते, "घे माय, आता तरी पाय निवव."