कोरड्या समुद्राचा नावाडी

“...तर मग ‘कोरडा समुद्र’ गाळला तर तुमची काही हरकत नाही ना, बुवा?”

विश्वंभरबुवा शेंगा सोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारे होते प्राध्यापक नीळकंठ वाळिंबे. बुवांच्या अद्भुत कादंबऱ्या शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. उडती नगरं, बोलके पर्वत, आणि सगळ्यांत आवडतं सात चंद्रांचं राज्य... सगळं पाठ. आता बुवा लिहिणं सोडून गोदाकाठच्या या मठात येऊन राहिले होते, आणि प्रकाशकानं त्यांच्या पुस्तकांचा शेवटचा संच काढायला घेतला होता. एका पुस्तकाला जागा नव्हती. कुठलं ते वाळिंब्यांनी ठरवायचं. गाळलेलं पुन्हा कधी छापलं जाणार नव्हतं.

“इतकं वाईट आहे?” बुवांनी विचारलं.

“वाईट म्हणजे... मला कधीच आवडलं नाही. तुमच्यावर एवढी भक्ती असून. का माझीच समज तोकडी म्हणायची?”

“शेंगा घ्या.”

वाळिंब्यांनी एक घेतली. ती हातातच राहिली.

“मी विसरलोय ते पुस्तक,” बुवा म्हणाले. “सांगा पाहू गोष्ट.”

“आता?”

“हूं.”

मठाची एक रीत होती. गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, आणि हुंकार येतोय तोवर सांगणाऱ्यानं थांबायचं नाही.

वाळिंब्यांनी नाइलाजानं सुरुवात केली. “एका समुद्राचं पाणी आटतं. सगळे गाव सोडून जातात. एक नावाडी आणि त्याची बायको तेवढी राहतात.”

“हूं.”

“दरवर्षी तो नावेला डांबर लावतो. बायको म्हणते, अहो, वाळूत बुडणार आहे का नाव? तर म्हणतो, पाणी आल्यावर बघशील.” वाळिंब्यांचा आवाज चढू लागला. “बायको मरते. फळ्या तडकतात. हा आपला नावेत बसून. आणि पाणी काही येत नाही. संपलं. याला काय शेवट म्हणायचा, बुवा? वाचकानं काय घोडं मारलंय तुमचं?”

“हूं.”

“नाही, संपली गोष्ट.”

“हूं.”

बुवा वाट पाहत होते.

“मग... मग तो उतरतो नावेतून,” वाळिंबे चाचरत म्हणाले. “वल्हं खांद्यावर टाकतो आणि निघतो. समुद्राच्या तळावरून. पाणी गेलं त्या दिशेला.”

“हूं.”

“वाटेत बुडालेल्या जहाजांचे सांगाडे लागतात. तिथं मुक्काम करतो. थकतो फार. पण वल्हं काही खाली ठेवत नाही. रोज थोडं थोडं...” ते एकदम थांबले. “हे पुस्तकात नाही.”

“नाही?”

“नाही. हे मी... झोप लागत नाही तेव्हा... किती वर्षं झाली कोण जाणे.”

“आणि ते तुमचं आवडतं? सात चंद्रांचं?”

“त्याचं काय? राजा परत येतो, सगळं सुरळीत होतं. पुस्तक मिटलं की गाढ झोप.”

बुवांनी मान डोलावली... वाळिंब्यांना काही उमगेना. आपण परीक्षा घ्यायला आलो होतो की द्यायला, हेही आठवेना.

“मग गाळू की ठेवू, बुवा? प्रकाशकाला उद्या सांगायचंय.”

बुवा जवळ सरकून बसले.

“आधी नावाड्याला पोचू तर द्या.”