थंडाईचं फडकं

"वस्ताद, मला आत का सोडत न्हाई तुम्ही?"

सर्जेराव पैलवान पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. हातात थंडाईचा तांब्या, बदाम स्वतः घोटलेले. मागं तालमीतली चारदोन पोरं उभी होती, कारण सर्जेराव एकटा कुठंच जात नसे.

मौला वस्ताद दवाखान्यातल्या काचेच्या दारापाशी फरशीवर बसले होते. आत सर्जेरावच्या जोडीचा पैलवान निवास पडला होता, डोळे मिटून.

काल सरावात सर्जेरावनं निवासला डोक्यावर उचललं. वस्ताद ओरडले, "न्हाई, सर्जा. न्हाई." पण बघायला पाव्हणे बसले होते, आणि चार माणसं बघत असली की सर्जेरावला वस्तादांचं ऐकू येत नसे. निवासचं डोकं कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या दगडी काठावर आपटलं. उठला, हसलासुद्धा. संध्याकाळी ओकला आणि कोसळला.

"आमी एका ताटात जेवलोय," सर्जेराव म्हणाला. "दोन घोट पाजतो. डोळं उघडंल."

"शुद्ध न्हाई त्याला. ठसका लागून जाईल."

"मग डोसकं तरी चोळतो..."

वस्तादांनी तांब्यावर बांधलेल्या फडक्याकडं बघितलं.

"डॉक्टरीणबाई काय म्हटल्या, ऐक. रगत आणि मेंदूच्या मधी पडदा असतोय, तुझ्या ह्या फडक्यागत. पायजे तेवढं आत, चोथा भायेर. डोसकं आपटलं की ते जागोजागी फाटतंय. मग नको ते आत झिरपतंय. मेंदू सुजतोय, आणि कवटी काय फुगत न्हाई."

"म्हंजे माझ्या मारानं..."

"मारातनं तो वाचला. मरायचा झाला, तर मागनं आत शिरलेल्यानं मरंल."

"मग ते फाटलेलं शिवत का न्हाईत?"

"शिवायचं औषध अजून कुणाकडं न्हाई. त्याचं त्यालाच सांधायचं हाय. सूज आवरायला औषधं चालू हायती. तवर धक्का नको, गलका नको."

सर्जेराव तापला.

"आणि गाव मला खुनी म्हणतंय, त्याचं काय? त्यानं एकदा डोळं उघडून माझ्याकडं बघितलं, की गावाचं तोंड बंद."

एवढ्यासाठी बदाम घोटले होते. पोरांनी माना खाली घातल्या.

वस्ताद गुडघे धरून सावकाश उठले. बाजूला सरले, आणि एका हातानं दार ढकललं.

"जा."

आतून यंत्राचा टिक टिक आवाज येऊ लागला. पांढऱ्या पट्ट्यांतलं निवासचं तोंड दिसलं, सुजून ओळखू न येणारं. सर्जेरावला आजवर कुणी अडवू शकलं नव्हतं. आताही कुणी अडवत नव्हतं.

त्यानं पाय उचलला... आणि तो तिथंच राहिला. तांब्या कलला. थंडाई फडक्यातून गळून त्याच्याच पायावर सांडत होती, आणि ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"वस्ताद..." तो मागं न बघताच म्हणाला. "तुम्ही न्हाई म्हणा की मला."

वस्तादांनी दार तसंच उघडं धरून ठेवलं.

"काल म्हटलो हुतो."