त्याला पाय नव्हते

“पण बाबा, देवानंच बोलावलं तर मला अडवणारे तुम्ही कोण?”

सोमवारगीर मठाच्या दारात उभा होता. खांद्याला झोळी, हातात चिमटा, अंगात ताप. डोळे लाल झालेले.

उमरगीर बाबा ताकात भाकरी कुस्करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय म्हणाला देव?”

“चल म्हणाला.”

“कुठं?”

“पाण्याकडं.”

बाबांचा हात थांबला.

“डोळे मिटले की पाणी दिसतं, बाबा. गार, निवळ, हिरवं. पायात आग आहे नुसती. ज्या पाण्यात ती विझेल, तिथं मी माझी गादी मांडणार. तुम्ही फक्त आज्ञा द्या.”

हा सोमवारगीर म्हणजे शिकलेला गडी. गेल्या उन्हाळ्यात खालच्या तळ्याच्या गावाहून वर माळावर आला. संस्कृत फाडफाड बोलायचा. ज्याला फाडफाड बोलता येतं त्याला ऐकायला येत नाही, असा माझा तरी अनुभव आहे. वर्षभरात त्यानं मठात झाडू धरला नाही, पण बाबांच्या मागं गादी कोणाची, हे दोनदा विचारून घेतलं.

“आग कधीपासून?” बाबांनी विचारलं.

“ती आग नव्हे. शक्ती आहे. कुंडलिनी जागी झाली माझी. सापासारखी सरपटते. कंबरेतून निघाली, मांडीत आली, पोटरीत आली. हाताला लागते, बाबा.”

“कुंडलिनी वर चढते म्हणतात.”

“हो.”

“तुझी खाली का उतरली?”

सोमवारगीर हसला. अडाण्याला हसतात तसं.

“मला चालवायला.”

बाबांनी ताक-भाकरी बाजूला सारली.

सोमवारगीर वळला आणि बारवेकडं निघाला. लंगडत होता, पण वेग बघाल तर लग्नाला उशीर झाल्यासारखा.

माळावर पाणी म्हणजे ती एक बारव. दगडी पायऱ्यांनी खाली उतरायचं, घागर बुडवायची, वर यायचं. अख्खं गाव तेच पाणी पीत होतं. पायऱ्या अरुंद. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागे.

खाली गयाबाई घागर भरत होती. तिनं वर बघितलं.

“अवं म्हाराज, पाय धुवायला हेच पाणी घावलं का? प्यायचं हाय ते. लेकरंबाळं पित्यात.”

“माझ्या पायांनी पाणी पवित्र होईल, बाई.”

“पवित्र हायेच ते. तुमी आपलं घाण करू नका.”

तो उतरायला लागला. आणि थांबला.

वरून तिसऱ्या पायरीवर बाबा आडवे पडले होते. मागच्या पाऊलवाटेनं कधी आले, कधी पडले, कोणाला दिसलं नाही. डोकं एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला.

आमच्याकडं झोपलेल्या माणसाला ओलांडत नाहीत. मेलेल्याला तर नाहीच. आणि हा गुरू.

“उठा, बाबा.”

“नाही.”

“मला पाण्यात पाय घालू द्या. मग तुम्ही म्हणाल ते करतो.”

“ओलांड मला. जा.”

“बाबा…”

“आज्ञा मागत होतास ना? दिली. ओलांड.”

सोमवारगीरनं दोन्ही हातांनी भिंती धरल्या. म्हणाला, “नाही ओलांडणार. हे पाप मी नाही करणार.”

आणि त्याचा उजवा पाय उचलला गेला.

पाय बाबांच्या छातीवर अधांतरी राहिला. सोमवारगीर त्या पायाकडं बघत होता. दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा.

“कोणी उचलला?” बाबांनी विचारलं.

“मी… मी नाही उचलला.”

“मग मागं घे.”

“येत नाही, बाबा.”

खाली पाणी अगदी गप होतं. गयाबाई घागर तशीच धरून उभी.

बाबांनी पडल्या पडल्या तो पाय निरखला. घोट्यापाशी चिंचोक्याएवढा फोड होता, ताणून पांढरा पडलेला. त्याच्या आत काहीतरी दोऱ्यासारखं होतं. ते हळूच वळलं. पाण्याच्या बाजूला.

“गया,” बाबा म्हणाले, “घागर घेऊन वर ये. मला ओलांडायला लागलं तर ओलांड. तुला पाप नाही.”

दोघांनी मिळून त्याला बारवेपासून लांब नेला, पार खडकापर्यंत. धरून न्यावा लागला. तोंडानं तो “चला, चला” म्हणत होता आणि पाय मागं ओढत होते.

मठातलं घंगाळ आणलं. गयाबाईनं त्यात पाणी ओतलं.

“घाल पाय,” बाबा म्हणाले.

पाय पाण्यात गेला. सोमवारगीरनं असा सुस्कारा सोडला की गयाबाईनं तोंड फिरवलं.

मग फोड फुटला.

पाण्यात दुधासारखा ढग पसरला. हळूहळू, आपली जागा बघत असल्यासारखा. आणि फोडातून एक पांढरा दोरा बाहेर आला, टोक हलवायला लागला.

“आत्ता गं बया,” गयाबाई म्हणाली. “नारू!”

नारू आता राहिला नाही. पोरांना त्याचं नावही ठाऊक नाही, हे बरंच झालं. ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको. डबक्यातल्या पाण्यातून पोटात जायचा, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा. वर्षभर अंगात वाढायचा, हातभर, कधी दोन हात. मग पायातून डोकं काढायचा, आणि तो पाय पाण्यात गेला की तिथं आपली पिल्लं सोडायचा.

सोमवारगीर त्या दोऱ्याकडं बघत राहिला. त्याचं संस्कृत कुठं गेलं कोण जाणे.

“ही… ही माझी शक्ती?”

“तळ्याच्या गावात वर्षापूर्वी पाणी प्यायलास?”

“प्यायलो.”

“हा त्या तळ्यातला. ह्या माळावर नारू कधी नव्हता. येणार कसा? त्याला पाय नाहीत.”

बाबांनी घंगाळ उचललं आणि ते पांढरं पाणी तापल्या खडकावर ओतलं. चर्र झालं. डाग क्षणभर राहिला आणि वाळून गेला.

“म्हणून त्यानं तुझे घेतले.”

सोमवारगीर अगदी बारीक आवाजात म्हणाला, “पण बाबा, पाणी मला दिसत होतं. हाक मला येत होती. मला.”

बाबांनी लिंबाची काडी घेतली, दोऱ्याचं टोक तिच्यावर गुंडाळलं आणि काडी पायाला बांधली.

नारू ओढून काढत नाहीत. तुटला तर पाय सडतो. रोज बोटभर गुंडाळायचा आणि थांबायचं. सोमवारगीर ओसरीवर पडून राहिला. सकाळी बाबा काडीला एक वेढा देत आणि विचारत, “पाणी दिसलं?”

“दिसलं. हिरवं होतं.”

दुसऱ्या दिवशी, “दिसलं?”

“दिसलं. पण कमी होतं.”

काडीवर वेढे चढत गेले. डोळ्यांपुढचं पाणी उतरत गेलं. एकदा तो म्हणाला, नुसता गाळ दिसला. मग म्हणाला, भेगा दिसल्या. ते गयाबाईनं ऐकलं. त्या दिवसापासून ती मठाचं रोजचं ताक दारातच ठेवून जायला लागली.

शेवटी एका सकाळी सगळा दोरा सुटून आला. बाबांनी काडीसकट तो धुनीत टाकला. केस जळल्यासारखा वास सुटला आणि गेला.

“आज काय दिसलं?”

“काही नाही, बाबा.”

दुपारी बाबांनी त्याची झोळी आणि चिमटा आणून त्याच्यापुढं ठेवला.

“जा आता. गादी मांडायची होती ना तुला? मी अडवत नाही.”

सोमवारगीर उठला. पाय बरा होता. दारात गेला. एक वाट उगवतीला जाते, एक मावळतीला, एक खाली तळ्याच्या गावाला. त्यानं एक पाऊल टाकलं आणि मागं घेतलं. दुसऱ्या वाटेवर टाकलं, तेही मागं घेतलं. ऊन कलायला लागलं तरी तो तिथंच. माणूस इतका रिकामा उभा राहिलेला मी दुसरा बघितला नाही.

“बाबा…”

“काय रे?”

“कुठं जाऊ?”

बाबा धुनीची राख सारखी करत होते.

“ज्याला ठाऊक होतं, त्याला आपण सकाळी जाळलं.”