बिजली बसली!

"दगा! सरळसरळ दगा! कुणीतरी आपल्याला फसवलंय!"

चिंचणगडच्या मैदानावर अख्खं गाव ओरडत होतं. कुणी फसवलं, हे मात्र एकालाही सांगता येत नव्हतं.

चिंचणगडच्या महाराजांना कुत्र्यांच्या शर्यतींचं वेड. गोल मैदान, कडेनं ताणलेला दोर आणि दोराला बांधलेला पेंढ्याचा ससा. म्हातारा सिदाप्पा चाक फिरवायचा, ससा सुसाट निघायचा आणि त्याच्या मागे आठ लांबटांगी शिकारी कुत्री. एक फेरी मारून, निघाली त्याच रेषेवर पोचायचं. लोक आवडत्या कुत्र्यावर रुपया लावायचे. रुपया राजवाड्याच्या हंड्यात जायचा आणि पावती म्हणून मनगटावर त्या कुत्र्याच्या ठरलेल्या रंगाचा दोरा बांधला जायचा. कुत्रं जिंकलं तर दोरा दाखवून दोन रुपये मिळायचे. हरलं तर दोरा तेवढा उरायचा.

आणि जे कुत्रं शेवटी येईल त्याला गोळी! "ज्यानं मला बुडवलं, त्याला भाकरी कशाला?" हा महाराजांचा न्याय.

आज सगळ्यांची भिस्त बिजलीवर होती. सलग चार शर्यती जिंकलेली, गळ्यात महाराजांच्या हातचा चांदीचा पट्टा. इशारा झाला, ससा सुटला, सात कुत्री सुटली आणि बिजली... बसली! रेषेवरच. पुढचे पाय पसरून तिनं निवांत जांभई दिली. ससा वळसा घालून परत तिच्यासमोर आला तेव्हा उठली, झडप घातली आणि त्याला टराटरा फाडला. त्या उडत्या पेंढ्यातून तुफान नावाचा कुत्रा पहिला आला. बिजली शेवटची. खरं तर निघालीच नव्हती!

"बंदूक आणा!" महाराज गरजले.

"थांबा, महाराज!" कोपरापर्यंत पीठ माखलेली झुंबर धावत आली. ती कुत्र्यांसाठी रोज सव्वाशे भाकऱ्या थापायची. आई मेलेल्या बिजलीला तिनंच बोळ्यानं शेळीचं दूध पाजून वाढवलं होतं. "हिचा गुन्हा काय?"

"धावली नाही!"

"कशाला धावेल? चार फेऱ्यांत तिला कळलं की ससा फिरून इथंच येतो. माणसांना वीस वर्षांत नाही कळलं!"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांच्या मिशा थरथरल्या.

"फार बोलतेस गं! ठीक आहे. हिनं मला बुडवलं नाही, उलट बसल्या जागी कमावून दिलं, असं सिद्ध कर. त्या बाभळीची सावली माझ्या खुर्चीला टेकायच्या आत! आणि साक्ष काढायची ती या शिव्या घालणाऱ्यांचीच. नाही जमलं, तर गोळी तुझ्या डोळ्यांदेखत!"

बाभळीची सावली खुर्चीपासून वीतभर लांब होती. गर्दी अजून बिजलीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. त्यातला एक पैलवान तर दगड घेऊनच उभा होता.

"पैलवानदादा," झुंबरनं विचारलं, "एवढा राग का?"

"माझा रुपया बुडाला की!"

"खोटं! तुम्ही लावलाच नसेल."

"लावला नाही?" पैलवानानं मनगट उंचावलं. "हा बघ पिवळा दोरा! बिजलीचा!"

"एकट्याचा असेल."

"एकट्याचा?" गर्दी खवळली. "हा बघ! माझा बघ! घरच्यांनी पण लावलाय!"

भराभर हात वर झाले. पाहता पाहता मैदान शेवंतीच्या मळ्यासारखं पिवळं झालं.

"आणि तुफानचे लाल दोरे?"

तीनच. त्यातला एक महाराजांच्या मेहुण्यांचा. त्यांनी हात चटकन कोटाच्या खिशात घातला.

"महाराज, सावली टेकायच्या आत साक्ष झाली," झुंबर म्हणाली. "हे एवढे पिवळे रुपये आज हंड्यातच राहिले. ते बिजलीनं बसून मिळवले. गेल्या खेपेला ती जिंकली तेव्हा काय झालं होतं?"

महाराज घुटमळले. "तेव्हा... सगळ्यांना दुप्पट द्यावे लागले."

"आणि राणीसाहेबांच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या!"

"हळू बोल!"

"म्हणजे धावून बुडवलं, तर चांदीचा पट्टा. बसून हंडा भरला, तर गोळी! न्याय तुमचाच आहे, महाराज. ज्यानं बुडवलं, त्याला गोळी. आज हंड्यातून पैसे काढायला लावले ते तुफाननं. बंदूक तिकडे वळवा!"

तुफान महाराजांच्या पायाशी झोपणारा कुत्रा. महाराजांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तुफानकडे पाहिलं. तो शेपटी हलवत होता. बिजलीकडे पाहिलं. ती दातांतला पेंढा काढत होती. मग आपापल्या मनगटाकडे बघणाऱ्या गर्दीकडे पाहिलं, आणि महाराज जे हसत सुटले ते खुर्चीचा हात मोडेपर्यंत!

"जिंकलीस, झुंबर! गोळीचा कायदा आजपासून बंद. तुला काय हवं ते माग. शेत? सोनं?"

"शेवटी येणाऱ्या कुत्र्यांना जन्मभर भाकरी. या हंड्यातून."

"माझ्या हंड्यातून?"

"त्यांनीच भरलाय तो, महाराज."

महाराजांनी मान डोलावली. स्वतःच्या गळ्यातला कंठा काढून तिच्या पिठाळ हातावर ठेवला. मेहुणे हळूच निघून गेले.

तेवढ्यात चाकाजवळून सिदाप्पा पुढे आला. त्याच्या हातात सशाचे दोन कान होते.

"सरकार," तो म्हणाला, "हा वीस वर्षं पहिला येत होता, कुणी कधी बक्षीस दिलं नाही. आज पहिल्यांदाच हरलाय. मग आता ह्यालाही भाकरी चालू करायची का?"