पुढं म्हणणारी शलोमी

घ्या पैज. आता सांगते त्यातल्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखवा, माझ्या वाटणीची करंजी तुमची. न्हाई ठेवता यायचा. मोठमोठ्यांना जमलं न्हाई, तुम्ही तर अजून नाक पुसायला शिकताय.

लई मागची गोष्ट. नदीवर पूल नव्हता, आणि आपल्या गावचा नावाडी आंधळा होता. हसू नका! सटवा भोई त्याचं नाव. डोळ्यांत फुलं पडलेली, पण कान असे, की पाण्याखाली मासा वळला तरी कळायचं, असं म्हणतात. काठ तो कानानं धरायचा. पल्याड तेल्याचा घाणा करकरला, की तिकडं नाव जायची. अल्याड लोहाराची घणघण आणि परटिणींची धपधप ऐकू आली, की नाव घरी. कधी कुणाचा पदर भिजला न्हाई.

गावाच्या कडेला ख्रिस्ती वस्ती होती. चार घरं आणि मातीचं देऊळ. तिथं सांजेला भजन व्हायचं. एकानं पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी मागं धरायचं, अशी रीत. त्या वस्तीत शलोमी नावाची पोर होती, शेळीसारखी काटकुळी. मागं धरायला सगळ्यांत पहिली. पण ‘आज तू पुढं म्हण’ म्हटलं, की आईच्या पदरात तोंड खुपसायची.

बाहेर तर आणखीच पंचाईत. पाणवठ्यावर पाटलीण भामाकाकू चेष्टा करायची, “काय गं शलोमे, तुमचं भजन दार लावून का म्हणता? देव पळून जातो का?” सगळ्या बाया फिदीफिदी हसायच्या. शलोमीला सांगायचं असायचं, लई सांगायचं असायचं. येशू लेकरांना कसा जवळ घ्यायचा, एका चुकलेल्या कोकरासाठी मेंढपाळ कसा रानोमाळ फिरला. पार ओठापर्यंत यायचं आणि आवंढ्याबरोबर खाली जायचं. घागर उचलायची, घर गाठायची आणि चुलीपाशी बसून रडायची, की आज पुन्हा आपण येशूला ओळख दाखवली न्हाई.

असाच नाताळ तोंडावर आला होता, आणि पल्याड जत्रा भरली. झाडून सगळा गाव गेला. लोहार गेला, परटिणी गेल्या, भामाकाकू नवं लुगडं नेसून गेली, शलोमीची आई दोरखंड विकायला गेली. कुत्रीसुद्धा पोहत गेली, असं म्हणतात. राहिली एकटी शलोमी, शेळी व्यायला झाली होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एकदमच नावेत चढले. नाव केवढी होती ते विचारू नका, मावले. नदीवर धुकं असं, की ताकाचा डेरा उपडा केलाय. सटवा हसला, “आंधळ्याला कसलं आलंय धुकं?” पण अर्ध्यात आला आणि त्याचं हसू मावळलं. अल्याडून आवाजच येईना. यायचा कुठून? घण मारणारा नावेत, धपधप करणाऱ्या नावेत! पल्याडचा घाणाही जत्रेपायी बंद. गावाचा आवाज गावानंच उचलून नेला होता.

खालच्या अंगाला काळ्या कातळांची रांग. पाणी तिकडं ओढू लागलं. ज्याला जो देव होता तो आठवायला लागला.

शलोमी नुकतीच पाण्याला आली होती. नदीतनं रडारड ऐकू आली, त्यात आईचाही आवाज. “आई गंऽ!” ती किंचाळली.

“ओरडू नको!” धुक्यातनं सटवा म्हणाला. “हाक दरडीवर आपटून चहूकडनं येतीया. लांबलचक काहीतरी म्हण, पोरी! गाणं म्हण, तुटू देऊ नको!”

गाणं! तिला येत होती ती फक्त देवळातली. आणि नावेत कोण, तर पाणवठ्यावरच्या झाडून सगळ्या. तिनं एक ओळ म्हटली, शेळीच्या कानात सांगावी तशी.

“ऐकू येईना!”

तेवढ्यात भामाकाकू ओरडली, “अगं शलोमे, म्हण की! तुझ्या देवाचं म्हण न्हाईतर तुझ्या शेळीचं म्हण, पण मोठ्यानं म्हण गं माझे बाई!”

शलोमीला हसूच फुटलं. हसण्यानं गळा सुटला. ती घाटाच्या दगडावर चढली, डोळे मिटले आणि पुढं म्हणाली,

“हाक दे रे मेंढपाळा, कोकरू चुकलं वाट,
तुझ्या हाकेवर येईन मी उतरून डोंगरघाट.”

मागं धरायला कुणी नव्हतं. तरी तिची ओळ संपली आणि पाठीमागनं कुणीतरी धरली. बापईगड्याचा आवाज, पण मायेचा. वळून बघितलं, तर कुणी न्हाई. मग तिला कसलं भ्या? आवाज असा चढला, की धुकं मधोमध दुभंगलं, असं म्हणतात. मासे पाण्याबाहेर डोकी काढून ऐकत होते, असंही म्हणतात. नावेतल्यांनीसुद्धा मागं धरलं. शब्द कुणाला येत होते? पण जीव वाचतोय म्हटल्यावर चाल लवकर येते. त्या गाण्याला धरून सटव्यानं नाव आणली, ती नीट शलोमीच्या पायाशी टेकली.

आईनं तिला असं कवटाळलं, की घागर फुटली. भामाकाकू नव्या लुगड्यानिशी चिखलात बसली. आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, “कुणाचं गं हे गाणं?”

शलोमीनं आवंढा गिळला न्हाई. “येशूचं,” ती म्हणाली. “सांगू?”

“सांग की. आता कुणाची छाती हाय तुला गप बस म्हणायची?”

तिथंच, ओल्या घाटावर, तिनं चुकलेल्या कोकराची गोष्ट सांगितली. लोहारानं ती दोनदा सांगायला लावली. त्या दिवसापासनं देवळाचं दार भजनाला उघडं राहिलं, ते आजपावेतो.

आता पूल झाला, नाव गेली. पण नाताळच्या सकाळी वस्तीतलं सगळ्यांत लाजरं लेकरू शोधून शलोमीच्या दगडावर उभं करतात. पहिली ओळ त्यानं म्हणायची, अख्ख्या गावानं मागं धरायची. लेकरू अडलं, तर कुणी ओळ सुचवत न्हाई, कुणी हसत न्हाई. गाव थांबतो. एकदा सूर्य डोक्यावर येईतो थांबला होता. आणि ज्यानं ज्यानं म्हटलं, तो खाली उतरून हेच सांगतो, की गावाच्या आधी पाठीमागनं कुणीतरी धरलं होतं.

काय? बसला विश्वास? करंजी? ती मघाशीच खाल्ली मी, शलोमी दगडावर चढली तेव्हा. बघता काय तोंडाकडं? उद्या नाताळ. दगडावर कुणाला चढवायचं ते ठरलंय, आणि ते लेकरू माझ्या समोरच लपून बसलंय. जा आता, झोपा जा!