धरणाचं गुपित

सांगतो, सावकाश ऐका. आमच्या भोईवाड्यातली गिरजाबाई नदीच्या वाळूत टरबुजं लावायची. एकदा वरच्या धरणाचं पाणी न सांगता सुटलं आणि तिचा नवरा वाहून गेला. पुन्हा कुणाचं तसं होऊ नये, म्हणून ती धरणाच्या साहेबांकडे गेली.

"दारं कधी उघडायची हे सरकारी गुपित आहे, बाई. तुला कशाला नसत्या चौकशा?" साहेब म्हणाले.

"बरं साहेब," ती शांतपणे म्हणाली, "पण तुमचं गुपित नदी काही राखत नाही. दारात येऊन सांगतेच ती. तिच्या आधी तुम्ही सांगा, एवढंच मागणं."

साहेबांनी तिथल्या तिथे दवंडीचा हुकूम लिहिला.

आता पाणी सुटायच्या आदल्या दिवशी वाड्यात दवंडी येते. ती ऐकली की गिरजाबाई वाळूत खेळणारी सगळ्यांची लेकरं वर बोलावते.