बर्फाचं ऋण

दक्षिण टोकाच्या समुद्रात मोठा हिमकडा तुटला, त्याच्या दुसऱ्या वर्षीचा पौष महिना. तिकडे तेव्हा ऐन उन्हाळा असतो, रात्र जेमतेम घटकाभराची. त्या समुद्रात क्रिलांचा एक थवा राहत होता. क्रिल म्हणजे बोटाएवढी, काचेसारख्या अंगाची कोळंबी. थव्यात एक म्हातारा होता.

थव्याची रीत जुनी. अंधारात वर येऊन हिरवं शेवाळ खायचं, उजाडायच्या आत खोल उतरायचं आणि लेंड्या तिथेच टाकायच्या. धुरातला कर्ब हवेतून पाण्यात मुरतो, पाण्यातून शेवाळात येतो, शेवाळातून क्रिलच्या पोटात. खोल टाकलेली लेंडी तळाला बसते आणि कर्ब तिथेच गाडला जातो. वर टाकलेली विरघळते, कर्ब पुन्हा हवेत जातो. मग हवा तापते आणि बर्फ वितळतो.

त्या वर्षी शेवाळ मातलं. तरुण म्हणाले, "उतरायचं कशाला? इथेच खाऊ, इथेच लोळू."

"आणि लेंड्या?" म्हाताऱ्यानं विचारलं.

थवा खदखदून हसला. "आजोबा, एवढा समुद्र पडलाय, तुम्हाला लेंडी टाकायला जागा मिळेना होय?"

"बर्फाचं ऋण आहे. पहिल्या हिवाळ्यात त्याच्या पोटाखाली वाढलो आपण. त्याच्या अंगावरचं शेवाळ खरवडून जगलो."

"त्यानं मागितलंय का?" एका तरुणीनं टोमणा मारला.

"नाही मागितलं. म्हणूनच फेडायचं."

पहाटे तो एकटाच उतरला. क्रिलच्या पोटाखाली निळे दिवे असतात. पूर्वी खोलात सगळ्यांचे दिवे एकमेकांना उत्तर देत. आता त्यानं दिवा लावला की समोर नुसता काळोख. तो थोडा थांबे. उत्तर येत नसे. मग लेंडी टाकून, दिवा मालवून, दिवसभर गप्प पडून राही. वर गेला तरी त्याच्याशी कुणी बोलत नसे.

एकदा त्याच्याही मनात आलं, आज नाही उतरलो तर कुणाला कळणार आहे? त्याला स्वतःचाच राग आला. त्या पहाटे तो आणखी खोल गेला.

हिवाळा आला. बर्फ उशिरा जमला, तोही सायीएवढा पातळ. वारा सुटला की फुटे. थव्याची पिल्लं उघड्या पाण्यात भटकू लागली. खरवडायला काही नव्हतं.

तीच तरुणी मान खाली घालून आली. "आजोबा, पिल्लं मरताहेत हो. काय करू?"

"सगळ्यांना घेऊन पहाटे उतर."

"आजच्या लेंडीनं आज बर्फ होईल?"

"नाही."

"मग पिल्लं?"

म्हातारा म्हणाला, "मी खातो तिथे जाड बर्फाचा एक तुकडा उरलाय. पिल्लांना तिथे ठेव."

"आणि तुम्ही काय खाल?"

"मला खाली जायचंय."

बरेच दिवस त्यानं उपाशी काढले. शेवटी एका पहाटे तो उतरला तेव्हा अंगात त्राण नव्हतं. खोलात त्यानं सवयीनं दिवा लावला आणि थोडा थांबला. वर एक निळा ठिपका उजळला. मग दुसरा. मग सगळा थवा.

त्यानं पोटात उरलेली लेंडी टाकली. वर यायची ताकद राहिली नव्हती. लेंडीमागोमाग तोही तळाला जाऊन बसला.

तात्पर्य एवढंच: ज्याच्या आसऱ्याला वाढलो, त्याचं ऋण सोबतीला कुणी नसलं तरी फेडायचं. म्हाताऱ्याचं फिटलं.